पोळ्याच्या रंगातली शून्यं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि शाळेची बाहेरची भिंत मनात आणा. तिच्यावर काळा रंग दिलेला मोठा चौकोन आहे, जिथं रोज सुविचार लिहितात. समजा, त्या फळ्यावर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, ‘मी यंदा पोहायला शिकणार आणि विहिरीत १ फेरी मारणार.’ दुसऱ्या दिवशी येऊन बघता, तर कोणीतरी त्या एकापुढं शून्य काढून ठेवलंय. दहा फेऱ्या! फेऱ्या मारायच्या तुम्ही, दम लागायचा तुम्हाला, आणि शून्य काढणारा पारावर बसून शेंगा फोडतोय. राग येईल की नाही? यायलाच हवा. आता तो राग तसाच धरून ठेवा, कारण तेलगावपासून थोडं आत असलेल्या एका गावात आम्रपालीला तो अगदी तस्साच आला होता.

आम्रपाली गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. गाव तिला सिस्टर म्हणे. दोन वर्षांपूर्वी तिनं भिवराबाईंची साखर तपासली आणि सांगितलं, “काकू, रोज चालत जा.”

“चालू व्हय?” भिवराबाई कडाडल्या. “तीस वर्सं उसाच्या फडात चालले, मोळ्या डोक्यावर घिऊन. आता बसून करायचं काहीतरी सांग.”

म्हणून सायकल. भिवराबाईंच्या लेकीनं लग्न होऊन जाताना आपली शाळेतली गुलाबी सायकल, पुढच्या बुट्टीसकट, माहेरीच ठेवली होती. तिची घंटी वाजत नसे, भिवराबाई तोंडानंच “ए, सरक!” म्हणून ओरडत आणि ते घंटीपेक्षा लांब ऐकू जाई. मग शेजारची नवी सून राजनंदिनी आली. अशा तिघी पहाटे फाट्याच्या रस्त्याला लागू लागल्या. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून चाक फिरेना, म्हणून त्यांचा हंगाम दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. आणि यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिघींनी ठरवलं, की आपापला संकल्प लिहायचा. तोही सगळ्यांसमोर, म्हणजे थंडीत पांघरूण ओढून घ्यायची सोय राहणार नाही.

लिहायचं काम आम्रपालीच्या पाचवीतल्या लेकीकडं, चैतालीकडं आलं, कारण तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं. गुरुवारी संध्याकाळी तिनं खडूनं लिहिलं:

भिवराबाई – ४ किलोमीटर, गुडघ्याची पट्टी न बांधता.
राजनंदिनी – ६ किलोमीटर, मागं दहा किलो दळण बांधून.
आम्रपाली – ९ किलोमीटर, घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत, पाय न टेकता.

हे शेवटचं तुम्हाला छोटं वाटेल. पण त्या वळणाआधी एक चढण आहे. मागच्या हंगामात आम्रपालीनं तिथं अकरा वेळा पाय टेकला होता. अकराव्या वेळी एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं होतं, “सिस्टर, ढकलू का?” तेव्हापासून ती चढण तिच्या स्वप्नात येई. नऊ किलोमीटर कोणीही जाईल. तिला हवा होता तो न टेकलेला पाय.

शुक्रवारी सकाळी ती उपकेंद्रात जायला निघाली आणि फळ्यापाशी थबकली. भिवराबाई – ४०. राजनंदिनी – ६०. आम्रपाली – ९०.

पट्टी, दळण, पाय, सगळं पुसलेलं. शून्यांना जागा लागते ना!

“चैते! हे तू लिहिलंस?”

“न्हाई मम्मी. माझं शून्य गोल असतंय. हे बघ, हे तर वांग्यासारखं हाय.”

वांग्यासारखं शून्य गावात एकाच माणसाचं होतं. आम्रपाली थेट पारावर गेली. भिवराबाईंचे मालक शहादेव तिथं तंबाखू मळत बसले होते.

“शहादेवकाका, फळ्याला हात कुणी लावला?”

“मीच लावला.” शहादेवांनी चिमूट ओठात ठेवली. “माज्या बायकूचे चार आन् तुजे नऊ? चारच कावून? लोकं काय म्हणतील, शहादेवच्या घरात खायला न्हाई का?”

“काका, त्यांचा गुडघा आहे!”

“गुडघा सगळ्यांलाच हाय.”

शेजारी राजनंदिनीचा नवरा सोमेश्वर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आम्रपालीनं त्याच्याकडं बघितलं.

“आता त्यांनी चाळीस केल्यावर आमचे सहाच ठिवायचे का, सिस्टर? नवं लगीन हाय आमचं,” सोमेश्वर म्हणाला.

“आणि माझे नव्वद कुणी केले?”

दोघांनी एकदम खाली बघितलं. मग शहादेव हळूच बोलले, “ते सरांनी.”

सर म्हणजे जीवन. आम्रपालीचा नवरा. माजलगावकडच्या एका शाळेत गणित शिकवायचा.

संध्याकाळी जीवन घरी आला तेव्हा चहा तयार नव्हता. आम्रपाली तयार होती.

“तुम्ही गणिताचे मास्तर ना? मग शून्य लावताना हात नाही थरथरला?”

“अगं, शेजारी चाळीस आणि साठ. त्यात नऊ म्हणजे कसं दिसतं? मी आपलं प्रमाण राखलं.”

“पप्पा,” चैताली वहीतून मान वर करून म्हणाली, “सगळ्यांनी एकएक शून्य लावलं तर शहादेव आजोबा पुन्हा शेवटीच राहणार की.”

“बरोबर आहे बाळा. शाबास.”

“तिला कसली शाबासकी देताय!” आम्रपाली भडकली. “नऊचे नव्वद केलेत ते केलेत. माझं ‘पाय न टेकता’ कुठं गेलं? हंगामभर मी ज्याच्यासाठी जीव काढणार, तेच पुसलंत आणि जे मी मागितलंच नाही ते लिहिलंत. माझा संकल्प तुमच्या मिशीसाठी आहे का?”

जीवनला मिशी नव्हती, तरी त्याचा हात ओठावर गेला. चैतालीनं जाऊन फळा पुसला आणि पुन्हा चार, सहा, नऊ लिहिलं. गोष्ट इथंच संपायची.

पण सोमेश्वरनं सकाळीच फळ्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. ग्रुपवरून तो पाहुण्यांत गेला आणि पाहुण्यांतून तालुक्याला. शनिवारी दुपारी भिवराबाईंच्या भावाचा घाटनांदूरहून फोन आला. “आक्का, चाळीस किलोमीटर सायकल मारतीस म्हणं. मंग आमच्या गावाच्या अर्ध्या वाटंच्या वर आलीसच की. तसंच थोडं पुढं ये, आन् येताना दोन किलो शेवया घिऊन ये.”

“मी कुटं येती रे!”

“फोटो बघितलाय मी. आता लपवू नको.”

त्याच दुपारी तालुक्याच्या क्रीडा विभागातल्या एका मॅडमचा निरोप आला. त्या रविवारी सकाळी आठ वाजता येणार होत्या. गावातल्या महिलांचे असे मोठे संकल्प त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते आणि शुभेच्छा द्यायच्या होत्या.

भिवराबाई उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या. कधी नव्हे त्या हळू आवाजात बोलल्या. “सिस्टर, मी उद्या येत न्हाई. समद्यांसमोर चाळीस म्हणतील आन् माजा चारलाच दम निघंल. हसतील गं लोकं. सायकल देऊन टाकते कुणाला तरी.”

राजनंदिनीनंही मान हलवली. “मला पण सासूबाई म्हणल्या, साठ किलोमीटर जाणारी सून नको आपल्याला. सहाची परवानगी हुती, साठची न्हाई.”

आम्रपालीला आता रडू यायचं तेवढं बाकी होतं. दोन वर्षं मागं लागून जमवलेल्या या तिघी, आणि खडूच्या तीन शून्यांनी त्या मोडायला निघाल्या होत्या. “फळ्यावर चारच लिहिलंय, काकू,” तिनं समजावलं. “मॅडम चारच वाचतील. फोटोचं मी सांगते त्यांना. तुम्ही फक्त या.”

भिवराबाई यायला कबूल झाल्या. पण पारावरही निरोप पोचला होता, आणि तिथं निराळीच काळजी लागली होती.

“मॅडम येणार आन् फळ्यावर चार?” शहादेव म्हणाले. “गावाची इज्जत हाय का न्हाई बे?”

“पुन्हा चाळीस करू. पर सिस्टर पुसतील,” सोमेश्वर म्हणाला.

“पुसंल कशी?” शहादेव उठले आणि घरातून एक डबा घेऊन आले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट. “हे पुसून दाखवा म्हणावं. बैल दोन म्हैने पावसात हिंडलाय, शिंगाचा रंग गेला न्हाई.”

ऊन उतरता उतरता ते फळ्यापाशी पोचले. शहादेवांनी जुन्या चारावरच ब्रश फिरवला आणि पुढं दोन शून्यं काढली. वांगी आता भोपळ्याएवढी झाली होती. चारशे झाले म्हटल्यावर सोमेश्वरनं सहाशे केले. तेवढ्यात जीवन दूध घेऊन चालला होता. तो दोघांना अडवायला थांबला. खरंच अडवायलाच थांबला होता. पण बायकोच्या नावापुढं एकटा नऊ बघून त्याचा हात आपोआप ब्रशकडं गेला. नऊशे! शहादेव पुन्हा शून्य वाढवणार होते, पण डब्यातला रंग संपला म्हणून भिंत वाचली.

रविवारी सकाळी सहा वाजता तिघी सायकली घेऊन शाळेपाशी आल्या. सोबत खडू-फडक्याचं दप्तर घेऊन चैताली होती. फळा बघून भिवराबाईंनी सायकल तिथंच भिंतीला टेकवली.

“चारशे?” त्या म्हणाल्या. “चारशे किलोमीटरवर तर माज्या नणंदंचं सासर बी न्हाई!”

आम्रपालीनं पदर ओला करून घासला. काही नाही. नखानं खरवडलं. नख तुटलं. राजनंदिनी म्हणाली, “रॉकेल लावा,” पण रेशनवरचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला होता. रंगाचं दुकान तेलगावला, आणि ते दहाशिवाय उघडत नसे.

“नऊशे,” आम्रपाली म्हणाली. “कुठं जाते मी नऊशे? आणि का जाऊ? मला त्या वळणापर्यंत जायचंय. माझ्या पायानं, माझ्या दमानं. एवढी साधी गोष्ट. एवढीसुद्धा माझी राहू देत नाहीत!”

ती शाळेच्या ओट्यावर बसली. चैताली मात्र फळ्यापुढं उभी राहून निरखत होती. तिनं एका आकड्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. मग आईच्या नावावरून फिरवलं. बोट पांढरं झालं.

“मम्मी, आकडे रंगाचे हायेत. पण नावं खडूचीच हायेत.”

“मग काय झालं?”

चैतालीनं दप्तरातून ओलं फडकं आणि खडू काढला.

आठ वाजता मॅडम आल्या. पन्नाससाठ माणसं जमली. शहादेव फेटा बांधून आले होते, सोमेश्वर फोटो काढायला पुढं, आणि जीवन बायकोची नजर चुकवत मागं उभा होता. फळ्यापुढं शाळेची सतरंजी टांगलेली होती. मॅडम म्हणाल्या, “वाचून कोण दाखवणार?”

चैतालीनं सतरंजी ओढली, हात मागं बांधले आणि प्रार्थनेच्या आवाजात सुरू केलं.

“शहादेव – चारशे किलोमीटर. सोमेश्वर – सहाशे किलोमीटर. जीवन सर – नऊशे किलोमीटर.”

पारूबाई म्हणून एक म्हातारी पहिल्यांदा हसली, आणि तिच्यामागून सगळं गाव.

“अरे वा!” मॅडमनी टाळी वाजवली. “म्हणजे पुरुषसुद्धा उतरलेत! आणि कायमच्या रंगानं लिहिलंय. याला म्हणतात निश्चय.”

“मॅडम, ते आमी न्हाई...” शहादेवांनी हात वर केला आणि पटकन खाली घेतला. बोटं अजून लाल होती.

“खाली अजून काहीतरी आहे,” मॅडम म्हणाल्या.

फळ्याच्या तळाला, उरलेल्या वीतभर जागेत, खडूनं बारीक गोल अक्षरात लिहिलं होतं. चैतालीनं तेही वाचलं. भिवराबाई, चार, पट्टी न बांधता. राजनंदिनी, सहा, दळण बांधून. आम्रपाली, नऊ, पाय न टेकता. आता कोणी हसलं नाही. चारशेनंतर चार ऐकताना लोकांना एकदम खरं काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. मॅडमनी वही काढली आणि ते तिन्ही संकल्प अटींसकट उतरवून घेतले. “पाय न टेकता,” त्या आम्रपालीला म्हणाल्या, “त्या चढणीवर मी जीपसुद्धा पहिल्या गिअरमध्ये घालते.”

आम्रपालीनं दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“चला तर,” मॅडम पुरुषांकडं वळल्या, “फाट्यापर्यंतचे पहिले चार किलोमीटर माझ्यासमोर होऊन जाऊ द्या.”

भिवराबाई पुढं झाल्या. आवाज परत आला होता. त्यांनी गुलाबी सायकल, बुट्टीसकट, फेटेवाल्या मालकांच्या हातात दिली. “धरा. घंटी वाजत न्हाई. तोंडानं वरडावं लागतं.”

राजनंदिनीनं आपली सायकल दिली आणि मागं दळणाचा डबाही बांधून दिला. जीवन आम्रपालीची सायकल घेऊन कसाबसा बसला. “चैते,” तो हळूच म्हणाला, “बापाला तरी सोडायचं होतंस गं.”

चैतालीनं थोडा विचार केला. मग ती पळत फळ्यापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि बापाच्या नऊशेच्या पुढं खडूनं, नीट गोल अक्षरात, आणखी तीन शब्द लिहून आली: पाय न टेकता.