माणशी छप्पन्न

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मुकुंदराव धारूरकर गाडीची किल्ली फिरवण्याआधी मागे वळून डोकी मोजतात. स्वतःचंही डोकं मोजतात, आरशात बघून. मग त्या आकड्याला आठाने गुणतात आणि उत्तर मोठ्याने जाहीर करतात. "आज माणशी सोळा." त्यानंतरच गाडी चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीतून बाहेर पडते.

सानिका, ईशान, ती गाडी तुम्हाला आठवत असेल. पांढरी, उंच, तीन रांगांची. ती गल्लीत शिरली की भाजीवाल्याला हातगाडी मागे घ्यावी लागते. ईशान, तुला त्यांनी अर्धा मोजलं होतं, कारण बारा वर्षांखालच्याला बसमध्ये अर्धं तिकीट असतं. तू कोठीच्या बाजारापर्यंत त्यांच्याशी बोलला नव्हतास.

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने लिटरला चौदा किलोमीटर सांगितले होते. धारूरकरांना पहिल्या महिन्यात आठ मिळाले. हे गृहस्थ पाटबंधारे खात्यात जन्मभर धरणांची पाणीपातळी मोजत आलेले. सहा किलोमीटर कुठे गेले, या विचाराने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांनी उपाय सुरू केले. सिग्नलला इंजिन बंद. चढावर एसी बंद. पायपुसणी काढली, मागची टूलबॉक्स घरी ठेवली. मला एकदा छत्री घरी ठेवायला लावली आणि येताना मी भिजले. डिझेल भरताना फेस खाली बसावा म्हणून ते टाकीपाशी उभे राहून गाडी दोन्ही हातांनी हलवत. पंपावरचा माणूस एकदा म्हणाला, "क्या साब, डीजल डलाने कू आए कि पालना झुलाने कू?" धारूरकर म्हणाले, "तुम मीटर देखो जी, मैं फेस देखतौं."

आठाचे साडेआठ झाले नाहीत.

मग एका सकाळी ते वही घेऊन आमच्याकडे आले. तुमचे आजोबा दाढी करत होते. "दादा, आपलं गणितच चुकत होतं. गाडी आठ देते. पण गाडीत माणसं किती? सात. साती आठे छप्पन्न. माणशी छप्पन्न. स्कूटर तरी देते का छप्पन्न?"

आजोबा साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले, "आणि आगगाडी?"

"आगगाडी सरकारची आहे," धारूरकर म्हणाले. "माणशी काढा दादा, माणशी."

तेव्हापासून हे त्यांचं पालुपद झालं. विम्याचा हप्ता आला की माणशी काढा. सर्व्हिसिंगचं बिल आलं की माणशी काढा. चार टायर एकदम बदलावे लागले तेव्हा मात्र ते दोन दिवस वही घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एका माणसाला अर्ध्या टायरहून थोडंसं जास्त. काही फार नाही, वहिनी."

सात माणसं म्हणजे आम्हीच. ते आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई, आजोबा आणि मी, वरच्या मजल्यावरचे राममूर्तीगारू, म्हणजे आपल्या भाषेत राममूर्तीराव, नि त्यांची बायको, आणि तळमजल्यावरच्या एकट्या सुलोचनाबाई. पूर्वी आम्ही नामपल्लीच्या प्रदर्शनाला दोन रिक्षा करून जायचो. एका वर्षी एक रिक्षा एका फाटकाशी लागली, दुसरी दुसऱ्या. आम्ही दोन तास एकमेकांना शोधत होतो, आणि कुसुमताई लोणच्याच्या दुकानापाशी रडत बसलेल्या सापडल्या. पुढच्याच महिन्यात धारूरकर रिटायर झाले आणि फंडाचे पैसे या गाडीत घातले. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "सगळे एका दारातून उतरायला पाहिजेत."

ते दार इतकं उंच की सुलोचनाबाईंसाठी गाडीत एक लाकडी स्टूल ठेवावं लागे. टूलबॉक्स घरी राहिली, पण स्टूल कधी घरी राहिलं नाही. दर शनिवारी आम्ही सात जण कोठीला जायचो. कोणाला मसाले, कोणाला चष्मा, कोणाला डॉक्टर. ज्याला काहीच काम नसे त्यालाही यावं लागे, नाहीतर आकडा पडायचा. राममूर्तीगारूंना ताप असताना ते शालीत गुंडाळून बसले होते. "नुव्वु मनिषिवा, मीटरवा?" असं त्यांनी विचारलं. म्हणजे तू माणूस आहेस की मीटर. धारूरकर म्हणाले, "हौ हौ, पण सरकून बसा."

आधी तुमचे आजोबा गेले. तेराव्यानंतरच्या शनिवारी धारूरकर दारात उभे राहिले आणि चपलांकडे बघत म्हणाले, "वहिनी, येताय ना?" मी गेले. त्या दिवशी त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही. मग राममूर्ती पतिपत्नी मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले. रिकाम्या जागेवर धारूरकरांनी आमच्या वॉचमनला, यादगिरीला, बसवून पाहिलं. फाटक उघडं राहिलं आणि कोणाची तरी सायकल गेली, तेव्हा सोसायटीने ते बंद पाडलं. यादगिरीच्या फेऱ्या वहीत कंसात लिहिलेल्या आहेत. धारूरकरांच्या मते तो मनाने आलेला नव्हता.

त्या वहीविषयी सांगायचं राहिलं. प्रत्येक फेरीची एक ओळ. तारीख, किलोमीटर, डिझेल, डोकी, माणशी. महिना संपला की ती माझ्याकडे तपासायला यायची, कारण मी शाळेत गणित शिकवत असे आणि माझ्याकडे लाल पेन्सिल होती. मी नीटनेटकी बाई आहे. उत्तर चुकलं तर मला गोल केल्याशिवाय राहवत नाही.

कुसुमताई गेल्या त्यानंतर दोन महिन्यांनी वही आली. गाडीत आता धारूरकर, सुलोचनाबाई आणि मी, असे तिघेच होतो. पण प्रत्येक ओळीत डोक्यांच्या रकान्यात चार लिहिलेले होते आणि माणशी बत्तीस. मी पेन्सिल काढली आणि एकामागून एक सगळ्या चारांना गोल केला. शेजारी तीन लिहिले. बत्तीस खोडून चोवीस केले. खाली इंग्रजीत 'काळजीपूर्वक पाहा' असा शेरा मारला. जन्मभराची सवय.

धारूरकरांनी वही उघडून पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक झाली." आणि वही काखेत धरून समोरच्या दारात गेले. त्यांनी दार लावून घेतल्यावर मला कळलं की मी काय खोडलं होतं. ते आता रबराने पुसून निघण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर सुलोचनाबाईंचे गुडघे पार गेले. त्यांना स्टूलही चढवेना आणि भाच्याने त्यांना आपल्याकडे नेलं. राहिलो आम्ही दोघं. माणशी सोळा. धारूरकरांचा मुलगा परदेशातून दर रविवारी फोन करतो, "बाबा, ती गाडी विका. तिच्या विम्यात वर्षभर टॅक्सीने फिराल." धारूरकर फोन कानापासून लांब धरून मला खुणेने विचारतात, आज काही आणायचं आहे का? मला काही आणायचं नसतं. मी पिशवी घेऊन उतरते. कोठीला जाऊन आम्ही चार लिंबं आणतो. गाडी तेवढ्यासाठी लिटरभर डिझेल पिते आणि मला ते मुकाट्याने बघावं लागतं.

मुलांनो, मी न्हाणीघरात पडल्यापासून तुमचे बाबा फार काळजी करतात. त्यांनी माझं तिकीट काढलं आहे, आणि त्याला परतीचं तिकीट नाही. तुम्ही दोघं माझी खोली सजवता आहात, हे मला फोनवर दिसलं. मी आनंदाने येते आहे असं तुम्हाला लिहायचं मी ठरवलं होतं. पण माझ्याकडून चुकीचं उत्तर लिहिलं जात नाही.

मी गेले की माणशी आठ. म्हणजे गाडीचा आणि माणसाचा आकडा एकच होणार. मग त्यांच्या मुलाचं म्हणणं खरं ठरेल, आणि वहीचं काही कामच उरणार नाही.

काल धारूरकर आले. विमान दुपारचं आहे, शमशाबादच्या विमानतळापर्यंत मीच सोडणार, टॅक्सी नक्को, असं म्हणाले. बाहेरच्या मोठ्या रस्त्याने गेलं तर गाडी कदाचित अकरासुद्धा देईल, हेही सांगितलं. मग निघाले आणि उंबऱ्यातून मागे वळले.

"जातानाचे दोघं लिहीन," ते म्हणाले. "येतानाचेही दोघंच लिहिणार आहे, वहिनी. तुम्ही तपासायला नसाल."

मी मान डोलावली. ते गेल्यावर मेजाच्या खणातली लाल पेन्सिल काढली आणि बॅगेत, कपड्यांच्या अगदी तळाशी ठेवली.