तक्ता दोन वाचून आलेला पाहुणा

डॉ. अच्युत खरवंडीकरांच्या शोधनिबंधाचा कुणी आपल्या निबंधात हवाला दिला, की तो हवाला बॅग घेऊन त्यांच्या घरी राहायला येतो. अशा पाहुण्याला सायटेशन म्हणतात. त्याच्या चहाजेवणाची सोय मूळ लेखकाने करायची, असा नियमच आहे.

खरवंडीकर नाशिकच्या एका मेंदूविज्ञान संस्थेत उंदरांच्या विसरण्यावर संशोधन करतात. प्रोफेसर व्हायला घरात चाळीस सायटेशन्स लागतात. खरवंडीकरांचं वय सत्तावन्न, म्हणजे ही शेवटची संधी. सोमवारी सकाळी संस्थेचे हेडक्लार्क डोईफोडे मोजणीला आले, तेव्हा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पंचेचाळीस जण दाटीवाटीने पोहे खात होते. त्यांतले बारा भोपाळच्या एकाच मित्राने पाठवले होते. बदल्यात खरवंडीकरांचे बारा जण भोपाळला त्या मित्राकडे पोहे खात होते. विद्वानांत याला परस्परसहकार्य म्हणतात.

"निबंध कसा वाटला यांचा?" खरवंडीकरांच्या पत्नी मंजिरीताईंनी दिवाणावरच्या एकाला विचारलं.

"शीर्षक फार छान आहे, वहिनी," तो म्हणाला. "पोहे आहेत का अजून?"

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सायटेशन्सना शिकवावं लागत नाही. निबंध वाचायचाही असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

डोईफोड्यांनी चष्मा पुसून एकेकाचा चेहरा निरखला आणि सहा जणांना बाजूला काढलं.

"हे घरचेच दिसतात, सर. नाक तुमचं आहे."

खरवंडीकरांनी मान्य केलं. स्वतःच्या निबंधात स्वतःचाच हवाला दिला की असं नाक येतं.

"एकोणचाळीस," डोईफोडे म्हणाले. "बारापर्यंत थांबतो. कुणी येतंय का बघा."

पावणेबाराला बेल वाजली. दारात एक सडपातळ गृहस्थ उभे होते. काखेत निबंधाची प्रत, तिच्यावर जागोजागी पेन्सिलीच्या खुणा.

"तेजपूरहून आलो. सायटेशन."

"चाळीस," म्हणत डोईफोड्यांनी पेनचं टोपण काढलं.

"तक्ता दोनबद्दल विचारायचं होतं," गृहस्थ म्हणाले. "सात नंबरचा उंदीर मंगळवारी मेल्याची नोंद आहे. गुरुवारी तोच भुलभुलैयातून अठरा सेकंदांत बाहेर पडतो."

पोहे खाणारे थांबले.

"सर, आम्ही डोकी मोजतो, मतं नाही," डोईफोडे शांतपणे म्हणाले. "शिव्या घालायला आलेलाही एकच धरतो. पण लेखकानं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली, तर निबंध रद्द आणि मंडळी परत. तेव्हा माझी सही होईपर्यंत तुम्ही काही बोलू नका."

खरवंडीकरांनी ती प्रत हातात घेतली. पान चारवर चहाचा डाग होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'का?' नऊ वर्षांत त्यांचा निबंध पहिल्यांदाच कुणीतरी वाचला होता. त्यांना भरून आलं.

"तो मेलाच होता," ते म्हणाले. "गुरुवारचा आकडा आठ नंबरचा आहे. नऊ वर्षं वाट बघतोय, कुणी विचारेल म्हणून."

"मी ऐकलं नाही," डोईफोडे म्हणाले.

"मेला होता, डोईफोडे."

"अजूनही ऐकलं नाही, सर."

"मंगळवारी मेला. मीच पुरला त्याला, जास्वंदीखाली."

डोईफोड्यांनी टोपण परत लावलं. माणूस वाईट नव्हता. दोनदा त्याने कानाडोळा केला होता, तिसऱ्यांदा करायची नियमात सोय नव्हती.

एकोणचाळीस जणांनी हात धुतले, बॅगा भरल्या आणि वहिनींचा निरोप घेतला. भोपाळवाल्यांनी उरलेले पोहे डब्यात मागून घेतले. घरचे सहा कुठे जाणार, ते आतल्या खोलीत जाऊन बसले. तेजपूरचे गृहस्थ मात्र हलले नाहीत. चूक दाखवण्यासाठी दिलेला हवाला निबंध रद्द झाला तरी रद्द होत नाही. डोईफोड्यांनी रजिस्टरात 'एक' असा आकडा लिहिला आणि तेही निघाले.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. खरवंडीकरांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"जेवूनच जाणार ना तुम्ही?" मंजिरीताईंनी विचारलं.

"राहावंच लागेल, वहिनी," गृहस्थ पेन्सिल काढत म्हणाले. "अजून तक्ता तीन आहे."