वासुभाऊंचा जास्तीचा रंग

गावाचं नाव कळल्याशिवाय वासुभाऊ गाठ कापत नाहीत.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतली आमची लॅब दोन खोल्यांची. दातांचे डॉक्टर जबड्यातल्या गाठी काढून आमच्याकडे तपासायला पाठवतात. वासुभाऊ त्या मेणात बसवतात, पातळ पापुद्रे कापतात, काचेवर चढवून रंगवतात आणि मी सूक्ष्मदर्शकातून बघून रिपोर्ट लिहिते. बाटलीवर नाव, वय, नंबर सगळं असलं तरी हे बाटली हातात धरून दारातच उभे. "गाव कोणतं?" नसेल लिहिलेलं, तर थेट डॉक्टरांना फोन.

"वासुभाऊ, सातबारापण मागवू का?" मी एकदा म्हटलं.

"बिनगावाचं मांस खाटकाकडं राह्यते, मॅडम," ते म्हणाले. "आपल्याकडं माणसाचं येते."

कापताना पंखा बंद, कारण पापुद्रा उडतो. वर्ध्याचा मे महिना असला तरी बंद. शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर, "घाई कायले? गाठ का पळून चालली?" आणि आठवड्यातून दोनदा तरी, "तीस वर्षांत माह्या हातचा रंग बिघडला नाई." हे वाक्य सुरू झालं की मी त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून पुरं करायची आणि काउंटरवरची मुलगी तोंड दाबून हसायची. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मजा यायची.

गेल्या हिवाळ्यात सेलूच्या पुढच्या एका गावातल्या मुलीची गाठ आली. वय एकोणीस. खालच्या जबड्यातली साधी पाण्याची गाठ, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी काच बघितली आणि चपापले. गाठीच्या अस्तरात काळपट तपकिरी कण होते. जबड्याच्या आत, हाडात, काळं. मी नोकरीत नवी होते आणि पुस्तकातलं काळ्या रंगाचं सगळ्यात वाईट पान तेवढं माझ्या लक्षात होतं.

मुलीचे वडील बाहेर बाकावरच बसले होते. मी दारात जाऊन सांगून टाकलं, "आत काळं दिसतंय. नागपूरला न्यावं लागेल. जबडा काढायचीही वेळ येऊ शकते." खरं सांगायचं तर भीती होती तशी थोडी ऐटही होती.

मागून वासुभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, चांदीचा रंग लावून पाहू ना, काळं कायचं हाये ते समजते. दोन दिवस थांबा."

"तुम्ही कापायचं बघा," मी म्हटलं. वडिलांच्या देखत.

दोन दिवसांनी माझ्या टेबलावर दोन काचा होत्या. एकीवर चांदीच्या रंगानं कण काळेकुट्ट झाले होते, दुसरीवर रंग उडवणाऱ्या औषधानं पार उडाले होते. म्हणजे मेलॅनिन. आपल्या कातडीत असतो तोच रंग, वाट चुकून गाठीत बसलेला. भोवतीच्या पेशी अगदी गरीब. कॅन्सरचा मागमूस नव्हता. शेजारी त्यांनी जुन्या काचाही मांडून ठेवल्या होत्या. तशाच गाठी, तसेच कण.

"हे आष्टीचे बुवा," एका काचेवर बोट ठेवून ते म्हणाले. "बाजारात भेटते मले. दातानं ऊस सोलते अजून."

मी मुलीच्या वडिलांना फोन लावला. बंद. डॉक्टरांना विचारलं, तर मुलगी टाके काढायलाही गेली नव्हती. मग एका सकाळी आम्ही दोघं एसटीनं निघालो. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होते.

मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कॉलेज सुटलं होतं, जेवण सुटलं होतं. आई म्हणाली, "आरशावर फडकं टाकून ठेवलं जी तिनं." मी जुळवलेलं पहिलं वाक्य आठवत पिशवीतून रिपोर्ट काढू लागले.

"चूक माही हाये," वासुभाऊ हात जोडून म्हणाले. "तीस वर्षांत पयल्यांदा माह्या हातून रंग जास्त बसला. मॅडमले काळं दिसलं ते त्यानंच. पोरीले काई नाई. गाठ निंघाली, काम संपलं."

रंग कितीही बसला तरी असे कण उगवत नाहीत, हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. वडील भडकले. "तीस वर्षं काय केलं मंग तुमी? माही पोरगी मेली असती ना." वासुभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. मुलगी उठून बसली होती. आईनं मला चहा दिला. मी तो प्यायले.

परतताना मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"सहा महिन्यांनी जबडा दाखवायले लागते तिले. तुमच्यावरचा भरोसा गेला तर येईन का ते? माह्याकडं कोन येते, मॅडम? माह्याकडं बाटल्या येतात."

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून जबड्याचा एक्स-रे काढून मुलगी वडिलांसोबत आमच्याकडे आली. हाड भरून आलं होतं. वडिलांनी आवाज खाली करून विचारलं, "तो रंगवाला मानूस ठेवला का अजून?"

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. वासुभाऊ फटीतून मुलीचं हसणं बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

"आहेत," मी म्हटलं. त्यापुढचं वाक्य मला तेव्हाही बोलता आलं नाही. दार हलकेच बंद झालं.