काम चालू आहे, हात लावू नये

मोनालीला नोकरीची मुलाखत द्यायची आहे, ती ऑनलाइन आहे, आणि त्यासाठी घरात लॅपटॉप असणे आवश्यक आहे, ही बाब शेषराव कापगते यांच्या विचाराधीन होती. भिलाईच्या कारखान्यातून मेंटेनन्सच्या कामाची देखरेख करणारे चार्जमन म्हणून निवृत्त झाल्यावर विचाराधीन ठेवण्यासारखं त्यांच्यापाशी फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून हा विषय त्यांनी पुरवून पुरवून वापरला. अखेर पंचफुलाबाईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "पोरगी म्हातारी होईन तवा घेसान का?" आणि प्रस्तावाला मंजुरी मिळाली.

मुलाखत फोनवर चालणार नव्हती. कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं की लॅपटॉपच हवा, कारण बोलता बोलता स्क्रीनवर एक काम करून दाखवायचं होतं. सोमवारी सकाळी अकराला बसायचं, आणि एकदा चुकली की पुन्हा बोलावणं नाही. निवड झाली तर मोनाली नागपूरला जाणार, मावशीकडे राहणार, इथपर्यंत घरात सगळं ठरलेलं होतं. "आमची मोनाली पोरगी नाही, पोरगाच हाय," असं शेषराव येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. खरा पोरगा तेव्हा शेजारीच खुर्चीत बसलेला असे.

सुपेल्याच्या बाजारातून एक स्वस्तातला छोटा लॅपटॉप आणला गेला. पूर्वी कोणीतरी वापरून कंटाळलेला, शाळेच्या पाटीएवढा. सुरू व्हायला तो इतका वेळ घेई की पंचफुलाबाईंचा कुकर त्याच्या आधी शिट्ट्या देऊन मोकळा होई. पण सुरू झाला की चालत असे. त्याचा एवढाच गुण मोनालीला हवा होता.

गौरवला मात्र तो पाहवेना. गौरव म्हणजे मोनालीचा थोरला भाऊ. इंजिनिअर होऊन तो कोणत्याशा परीक्षेची तयारी करत होता, आणि तयारी इतकी कसून चालली होती की परीक्षा द्यायला सवडच मिळत नव्हती. व्हिडिओ पाहून पाहून तो अलीकडेच लिनक्स या विंडोजऐवजी टाकायच्या फुकट सिस्टिमचा भक्त झाला होता.

"मोना, यात मी लिनक्स टाकून देतो."

"कायले? चालून राह्यला ना तो?"

"चालून राह्यला, पण गुलामीत चालून राह्यला. लिनक्स फ्री है, ओपन है. कोणाची मालकी नाही त्याच्यावर. ज्याले पाहिजे त्यानं बदलावं."

"अन बिघडलं तं कोणाले धरायचं?" शेषरावांनी विचारलं.

"कोणालेच नाही, बाबा. वही तो बात है."

शेषराव चकित झाले. कोणाचीच मालकी नाही, कोणीही हात घालावा आणि बिघडल्यावर कोणीही सापडू नये, अशा कमिट्यांत त्यांचा जन्म गेला होता. पण जगभरचे हुशार लोक ती व्यवस्था मुद्दाम निवडतात, हे त्यांना आजच कळलं. त्यांनी लगेच परवानगी दिली. लॅपटॉप मोनालीचा असल्यामुळे तिला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

लिनक्स बसलं. लॅपटॉप खरोखरच झटक्यात सुरू झाला. फक्त वायफाय लागेना.

"ड्रायव्हर नाही त्याचा, म्हंजे त्याले चालवणारा प्रोग्राम," गौरव म्हणाला.

"मंग आण ना बापा!"

"इंटरनेटवरून आणा लागते. अन इंटरनेट कावून नाही, तं ड्रायव्हर नाही म्हणून."

पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. शेषरावांना मात्र यात काहीच वावगं दिसलं नाही. गेटपास ज्या ऑफिसात मिळे ते ऑफिस गेटच्या आत, अशा एका ठिकाणी त्यांनी तरुणपणी कितीतरी दिवस खेटे घातले होते. लिनक्सबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदाच आपुलकी उत्पन्न झाली. हे तर आपल्यातलंच!

गौरवनं फोनची वायर जोडून इंटरनेट आत घेतलं, ड्रायव्हर आणला आणि वायफाय लागलं. त्या भरात आवाज गेला. आवाज आणला तर कॅमेरा गेला. दोन्ही आणले तेव्हा वायफाय पुन्हा रुसलं. गौरवनं अशा वेळी सगळंच पुसलं आणि दुसऱ्या जातीचं लिनक्स टाकलं, मग तिसऱ्या जातीचं. लिनक्समध्ये इतक्या जाती असतात आणि प्रत्येक जातीचे लोक बाकीच्यांना खालचे समजतात, हे ऐकून शेषरावांचा परकेपणा पारच गेला.

शुक्रवारी दुपारी चमत्कार झाला. वायफाय, आवाज आणि कॅमेरा, तिघं एकाच वेळी हजर! मोनालीनं भीत भीत स्वतःचा चेहरा स्क्रीनवर पाहिला, "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"दादा, प्लीज. आता हात नको लावू. सब ठीक चल रहा है."

शनिवारी सकाळी तिनं पाहिलं तर गौरव लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलेला आणि वायफाय गायब.

"अरे, काल चालत होतं ना!"

"चालत होतं, पण दिसत कसं होतं? एकदम सरकारी!"

यालाच कस्टमायझेशन म्हणतात. खिडक्या काचेसारख्या आरपार झाल्या, त्यामुळे मागचं आणि पुढचं दोन्ही एकदम दिसू लागलं आणि कोणतंच वाचता येईना. आयकॉन गोल झाले. तळाशी एक पट्टी आली, तिच्यावर माऊस नेला की चित्रं फुगत. पंचफुलाबाईंनी डोकावून "यात पोरीचं काम कुठी होते?" असं विचारलं, तेव्हा हा प्रश्न डेस्कटॉपविषयी नसल्यामुळे फेटाळण्यात आला.

शेषरावांनीही आता उडी घेतली. कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा काटा पाहून त्यांचे डोळे पाणावले. थेट कंट्रोल रूम! "असे आणखी असतीन का रे?" असतील काय, शेकड्यानं होते. तापमान आलं, पंख्याचा वेग आला, बॅटरी आली, मेमरी आली. भिलाईचं हवामानही आलं, जरी ते खिडकीतून दिसत होतं. काटे फिरवण्यातच लॅपटॉपची बरीचशी ताकद जाऊ लागली, तशी मेमरीचा काटा लाल झाला, आणि मशीनवर लक्ष ठेवणं किती गरजेचं आहे हे शेषरावांना पटलं.

रविवारी शेजारच्या दुर्गमधल्या पद्मनाभपुरहून रूपेश आला. रूपेश हा शेषरावांचा पुतण्या, तोही लिनक्सवाला, पण वेगळ्या पंथाचा. पट्टी तळाशी पाहून त्याचं तोंड वाकडं झालं.

"पट्टी डावीकडे असते बे. तळाशी बच्चे लोग ठेवतात."

यावर जी बोलाचाली झाली तिच्यापुढं दोन भावांच्या शेताच्या बांधाचं भांडण फिकं पडावं. शेवटी तोड निघाली. एक पट्टी तळाशी ठेवण्यात आली आणि एक डावीकडे. मधे उरलेल्या जागेत कामकाज करावं, असं ठरलं. मग रूपेशनं कीबोर्डच्या काही बटणांचे अर्थही बदलले. का, ते त्यालाच ठाऊक.

तेवढ्यात मोनालीनं संधी साधून लॅपटॉप ओढला. आत अपडेट चालू होतं. गौरव ओरडला, रूपेश ओरडला, आणि शेषराव तर असे उठले की खुर्ची मागं पडली.

"चालू कामात हात! प्लांटात माणसं मरतात अशानं!"

ते आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून कारखान्यातले लाल टॅग घेऊन आले. त्यांवर लिहिलेलं होतं: धोका. काम चालू आहे. हात लावू नये. मशीनवर जितके जण काम करतात तितके टॅग लागतात. ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा, दुसऱ्यानं बोटही लावायचं नाही, आणि प्रत्येक टॅग चार्जमनसमोर सुटायचा. या नियमानं शेषरावांनी कितीकांचे हात-पाय वाचवले होते, हे अगदी खरं. गौरवनं टॅग बांधला, रूपेशनं बांधला, शेषरावांनी काट्यांची देखरेख म्हणून स्वतःचाही बांधला. सुतळीनं जखडलेला लॅपटॉप टेबलावर ठेवण्यात आला.

"मग माझाही एक बांधू द्या ना," मोनाली म्हणाली.

"तुया कशाचा टॅग? तू तं फक्त वापरणार हायस."

सोमवारी सकाळी मोनाली नवा कुर्ता घालून, केस विंचरून टेबलाशी येऊन बसली. गौरवनं आपला टॅग सोडला. शेषरावांनी आपला सोडला. रूपेशचा राहिला. रूपेश संध्याकाळीच पद्मनाभपुरला निघून गेला होता.

"फोन लावा त्याले," पंचफुलाबाई म्हणाल्या.

फोन लागेना. रूपेशनं आदल्या दिवशी घरी जाऊन फोनमध्येही स्वातंत्र्य भरलं होतं, आणि फोन तेव्हापासून विटेसारखा पडून होता.

"मी सोडतो ना, बाबा. सुतळी तं हाय," गौरव म्हणाला.

"खबरदार! दुसऱ्याचा टॅग मी उभ्या नोकरीत सोडू देल्ला नाही. तो कुठी हात घालून बसला असन तं?"

"बाबा, रूपेशदादा पद्मनाभपुरात हाय. तो या लॅपटॉपमध्ये हात घालून कसा बसेल?" मोनाली म्हणाली.

"नियम नियम असते, बाई."

शेषरावांनी स्कूटर काढली. अर्ध्या रस्त्यात त्यांना पलीकडच्या बाजूनं रूपेशच मोटारसायकलवर भिलाईकडे जाताना दिसला. हाका मारल्या, पण त्याच्या कानात गाणी होती. वळायची जागा बरीच पुढं होती, आणि मधूनच स्कूटर वळवणाऱ्यांतले शेषराव नव्हते. रूपेश घरी पोचला, डावीकडची पट्टी थोडी बारीक करायची म्हणून. पण आता टॅग सोडून घ्यायला चार्जमन जागेवर नव्हता.

"काकांसमोरच सोडावा लागते ना?" रूपेशनं विचारलं.

"हो. अभी रुक," गौरव म्हणाला.

पंचफुलाबाई सुरी घेऊन धावल्या. दोघं आडवे झाले. मोनालीला रडूही येत होतं आणि दोघांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. ती ओढणीचं टोक पिळत घड्याळाकडे पाहत राहिली.

शेषराव घामाघूम होऊन आले, टॅग रीतसर सुटला. अकराला अजून थोडा अवकाश होता. लॅपटॉप सुरू झाला. वायफाय लागलं! आवाज आला! कॅमेरा आला! काटे ऐटीत फिरू लागले. मोनालीनं कंपनीचं पान उघडलं. पानावर लिहिलेलं होतं की मुलाखतीत येण्यासाठी खालचं बटण दाबा.

खाली बटण नव्हतं. वर काटे, डावीकडे पट्टी, तळाशी पट्टी. पाटीएवढ्या स्क्रीनवर पानाला जागा पुरेना, आणि बटण बिचारं तळाच्या पट्टीखाली गडप झालं होतं.

"आल्ट दाबून खिडकी वर ओढ," गौरव म्हणाला.

मोनालीनं आल्ट दाबलं. खिडकी जेलीसारखी थरथरली आणि तिनं पेट घेतला. म्हणजे चित्रातला पेट. ज्वाळा मोठ्या हुबेहूब होत्या.

"क्या बात है!" गौरवच्या तोंडून निघून गेलं.

"ते मी ठेवलं," रूपेश संकोचून म्हणाला.

"बंद करा रे ते!" मोनाली किंचाळली.

रूपेशनं तत्परतेनं सेटिंग उघडली. बदल लागू करायचं बटण तिथंही स्क्रीनच्या खालीच निघालं. मग पट्टी कोणाची काढायची यावर दोघांची जुंपली. गौरव म्हणे डावीकडची आधी काढ, रूपेश म्हणे आडवी तर तुझी येते आहे. मेमरीचा काटा लाल झाला, तो शेषराव मोठ्यानं वाचून दाखवत राहिले. घड्याळाचा काटा अकराच्या बराच पुढं गेला, तो कोणी वाचला नाही.

मोनालीनं तिघांनाही कोपरानं बाजूला सारलं. टॅबचं बटण दाबत दाबत ती न दिसणाऱ्या बटणापर्यंत अंदाजानं पोचली आणि एंटर मारलं. पान उघडलं. मुलाखत संपली होती. उमेदवार गैरहजर, असं तिथं आरपार दिसणाऱ्या सुरेख अक्षरांत लिहून आलं होतं.

मोनाली उठली, तिनं चपला घातल्या आणि ती मागच्या गल्लीत मैत्रिणीकडे, ममताकडे निघून गेली.

दुर्घटना घडली की चौकशी बसते. संध्याकाळी चहासोबत ती बसली. मशीन तपासलं, निर्दोष निघालं. गौरव आणि रूपेश यांनी जीव तोडून काम केलं होतं, याबद्दल दुमत नव्हतं. नियम तर अक्षरशः पाळले गेले होते. आता उरली होती एकटी मोनाली.

"तिनं आदल्या दिवशीच बटन पाहून ठेवाले पाहिजे होतं," शेषराव खेदानं म्हणाले.

"आदल्या दिवशी तं तुमी बांधून ठेवलं होतं!" पंचफुलाबाई कडाडल्या.

"ते वेगळं. पोरीची तयारीच कमी पडली. टेक्निकल गोष्टीत तिले गोडी नाही, त्याले आपण काय करणार?"

शेजारच्या वसुंधराकाकू विचारपूस करायला आल्या होत्या. त्यांना लॅपटॉप दाखवण्यात आला. फुगणारी चित्रं पाहून त्या खूश झाल्या, पेट घेणारी खिडकी त्यांनी दोनदा पेटवून घेतली. मग कप खाली ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "पण नोकरी होती कायची, भाऊ?"

शेषरावांनी गौरवकडे पाहिलं. गौरवनं रूपेशकडे पाहिलं. रूपेशनं स्क्रीनकडे पाहिलं. पंचफुलाबाई पदरानं टेबल पुसू लागल्या.

"नागपूरची कंपनी होती," शेषराव म्हणाले.

आणि वाचकहो, तुम्ही त्यांच्याकडे असं बघू नका. ड्रायव्हर आला का, आवाज लागला का, पट्टी कुठं गेली, बटण सापडलं का, हे सगळं तुम्ही मन लावून वाचलंत. त्या पोरीला काम कसलं करायचं होतं, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?