मागचं सगळं विरघळतं

बाळांनो, एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यासमोर, अगदी जवळ, अंगठा धरा आणि त्याच्या नखाकडेच बघत राहा. मागची खिडकी, कपाट, कपाटाशी उभी असलेली आई, सगळं धुरकट झालं ना? आता अशी कल्पना करा, की एका माणसाने नेमकं एवढंच करायला महागडी लेन्स विकत घेतली आहे. तो टिकली नावाच्या मुलीचा मामा.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. नवी लेन्स आल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. "माणूस लख्ख, आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं," असं तो दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचा.

त्या दिवशी सगळे आजोबांकडे जमले होते. धाकटी मावशी दुपारीच परदेशी नोकरीला निघणार होती. ती जायच्या आत आजोबांना अख्ख्या कुटुंबाचा एक फोटो हवा होता. दुसरं काही नाही.

मामाने परसात, झाडापुढच्या फरशीवर मांडणी केली. पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा आणि टिकली. मागे मावशी आणि टिकलीचे आई-बाबा. फोटो काढला. आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. झाडातून झिरपणाऱ्या उन्हाचे गोल सोनेरी फुगे झाले होते. मागची रांगही त्या फुग्यांतच मिसळली होती.

"मी कुठंय?" मावशीने विचारलं.

"तो निळा ढग."

"दादा, मी परदेशी चाललेय रे, देवाघरी नाही."

"आणि जावईबापू?" आजी चष्मा पुसत म्हणाली. तिला वाटलं, दोष चष्म्याचाच.

दुसऱ्या खेपेला मामाने मागच्या रांगेवर नेम धरला. मावशीच्या कानातले चमकले, पण आजोबांचं धुकं झालं.

"अजून चालताबोलता आहे मी," आजोबा म्हणाले. "एवढ्यात पुसू नकोस."

"लेन्सवरची ती कडी फिरव ना दादा," टिकलीची आई म्हणाली. "सगळे स्पष्ट येतील."

"सगळे येतील, झाडही येईल आणि ती वाळत घातलेली चादरही येईल. मग लेन्स घेतली कशाला?"

"मग पुढे आम्ही बसतो," मावशी म्हणाली. खुर्च्यांसाठी अशी चढाओढ लागली, की टिकलीचे बाबा सरकत सरकत झाडामागेच गेले.

टिकली मात्र अंगठा डोळ्यासमोर पुढेमागे करत होती. मग तिने दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्याच्या शेजारी धरला. दोन्ही लख्ख.

"मामा, रांगा कशाला? सगळे शेजारी शेजारी बसूया ना. त्या फरशीच्या एकाच रेघेवर."

मामा खुर्ची उचलत म्हणाला, "तेच सांगणार होतो मी."

रेघेवर खुर्च्या लागल्या. आजोबांनी काठी पुढे टेकवली. मामाने कॅमेऱ्यातून पाहिलं, सगळे लख्ख.

"तूही ये," आजोबा म्हणाले. "अख्खं कुटुंब म्हणालो होतो."

मामाने टायमर लावला आणि पळत सुटला. काठीत पाय अडकला, आणि धडपडत मागे येऊन तो थेट कॅमेऱ्यापुढेच कोलमडला. खट्.

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. मावशी सगळ्यांच्या गळ्यात पडली, सामान उचललं आणि गेली. पुन्हा फोटो काढणार कसा?

त्या फोटोत सगळे आले होते. बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा. मागचं झाड अगदी लोणी. आणि खालच्या कोपऱ्यात, मामाच्या शर्टाच्या रंगाचा एक भलामोठा मऊ गोळा.

आजोबांनी तोच फोटो आपल्या खुर्चीसमोर लावला. "कुणीही राहून गेलं नाही," ते समाधानाने म्हणाले.

मामा फोटोखाली गाल फुगवून बसला. "आयुष्यभर दुसऱ्यांना लख्ख केलं, आणि एकटा मीच विरघळलो."

टिकली त्याच्या मांडीवर चढली. त्याचं तोंड फोटोकडे वळवून तिने एका हाताने त्याचा एक डोळा झाकला आणि दुसऱ्या डोळ्यापुढे स्वतःचा इवलासा अंगठा धरला.

"नखाकडेच बघ हं," ती म्हणाली. "झाले की नाही सगळे तुझ्यासारखे?"