मारोतरावांचे अकरा पांढरे शर्ट

गोधडी शिवणं हे अगदी सोपं काम आहे, याबद्दल गोधडी न शिवणाऱ्या सर्व लोकांचं एकमत आहे. नागपुरात इतवारीच्या एका गल्लीत एकोणतीस वर्षं गोधड्या शिवणाऱ्या तुळसाबाईंचं मत थोडं वेगळं आहे, पण ते आजवर कोणी विचारलेलं नाही. त्यांच्या मते गोधडीत शिवण चार आणे आणि कापडाची तयारी बारा आणे. तयारी म्हणजे धुणं, वाळवणं, उसवणं, इस्त्री करणं आणि गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेली वस्तू परत करणं. (गेल्या वर्षी: बसचे पास दोन, दातांची कवळी एक, प्रेमपत्र एक. पत्र गिऱ्हाइकाच्या बायकोला न दाखवता गोधडीच्या थरांतच शिवून टाकलं.)

मे महिन्यात मारोतराव गाठोडं घेऊन आले. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. गाठोड्यासोबत यादी होती, दोन प्रतींत: पांढरे शर्ट, नग अकरा, लाल साडी, नग एक (पत्नीची, काठासाठी). नोकरीभर त्यांनी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लागू दिला नव्हता. रंगीत शर्टवाला माणूस रजेचे खोटे अर्ज देतो, असा त्यांचा अनुभव होता.

"खिशावरचे शाईचे डाग काढू नका बरं," ते म्हणाले. "ते माह्या नोकरीचे आहेत. गोधडी चांगली झाली तर आमच्या पेन्शनर मंडळात सव्वीस जण आहेत."

सव्वीस गोधड्या म्हणजे दिवाळीपर्यंतचं काम. तुळसाबाईंनी यादीवर जपून सही केली.

नवं कापड आलं की त्या त्याची परीक्षा घेतात. पांढरी चिंधी ओली करून कापडावर घासायची. चिंधीला रंग लागला तर कापड नापास. लाल साडी पहिल्या श्रेणीत पास झाली. नळ त्या दिवशी पाऊण तासच आला, म्हणून पास झालेली साडी आणि अकरा शर्ट एकाच टबात भिजले.

फॉलची परीक्षा मात्र राहून गेली होती. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावलेली पट्टी. ती खालच्या पदावर असल्याने तिची चौकशी कोणी करत नाही. ही साडी लग्नाकार्यातच नेसलेली, घरी कधी धुतलेली नाही, त्यामुळे फॉलने आयुष्यात पहिल्यांदा पाणी पाहिलं आणि आपल्याकडचा सगळा रंग देऊन टाकला.

तुळसाबाईंनी टबात हात घातला, तर पाणी लालभडक. मीठ झालं, लिंबू झालं, नागपूरचं ऊन झालं. अकराही शर्ट गुलाबी ते गुलाबीच. शाईचे डाग मात्र जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मारोतराव पत्नी देवकीताईंना घेऊन प्रगती पाहायला आले. दोरीवरचे शर्ट पाहून ते दारातच थांबले.

"हे काय झालं, तुळसाबाई?"

"फॉलचा रंग गेला, भाऊ. साडी तपासली, फॉल नाही तपासला. चूक माही आहे."

 'चूक माझी आहे' हे वाक्य मारोतरावांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर पुढची कारवाई काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात देवकीताईंनी एक शर्ट काढून नवऱ्याच्या छातीला लावला.

"अवो, पहा तं! किती उजळून राहिले तुम्ही!"

"मी? गुलाबी?"

"लग्न झालं तवापासून म्हणून राहिली मी, एक तरी रंगीत शर्ट घ्या म्हणून. माहं ऐकलं काय तुम्ही? शेवटी माह्या साडीनंच ऐकवलं!"

त्या हसता हसता जुन्या कापडांच्या ढिगावर बसल्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या तुळसाबाईंनी आधी मारोतरावांच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला आणि मग त्याही हसल्या. दहा शर्टांची गोधडी करायचं ठरलं. अकरावा देवकीताईंनी पेन्शनर मंडळाने ठेवलेल्या निवृत्तीच्या सत्काराला नवऱ्याच्या अंगात घातला. मारोतरावांनी यादीत दुरुस्ती केली: 'पांढरा (अंशतः)'.

सत्कारानंतरच्या आठवड्यात तुळसाबाईंच्या दारात रांग लागली. सभासद नव्हे, सभासदांच्या बायका. प्रत्येकीच्या पिशवीत नवऱ्याला न विचारता आणलेले शर्ट.

"देवकीताईसारखंच बिघडवून द्या."

"ते चुकून झालं वं बाई!"

"मंग चुकूनच करा. पण नीट करा."

तेव्हापासून तुळसाबाई गांधीबागेच्या कापडबाजारात कच्च्या रंगाचा लाल फॉल शोधत आहेत. प्रत्येक दुकानदार रंग पक्का असल्याची शपथ घेतो. एकाने माल कच्चा असल्याची शपथ घेतली, पण तुळसाबाईंचा त्याच्यावर विश्वास बसेना. घरी नेऊन भिजवला, तर खरंच पक्का निघाला. दरम्यान मंडळाबाहेरच्या बायकाही येऊ लागल्या असून नावं वहीत लिहून घेतली जात आहेत.

हे वाचताना ज्या भगिनी हसल्या, त्यांची नावं यादीत आपोआप धरली जातील. ज्या पुरुषांना यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही, त्यांनी कपाट उघडून आपले पांढरे शर्ट एकदा मोजावेत. एखाद-दुसरा कमी भरेल.