टाकीच्या तोंडाशी सत्तारभाई

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सौदीतल्या राबिघमधल्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सत्तारभाईंच्या फ्रिजशेजारी एक तरुण मुलगी गेले चार महिने टाकीत आहे. मुलगी सुखरूप आहे. पोलिसांना कळवण्याची गरज नाही.

आता खुलासा करतो. आमचे शेजारी सत्तारभाई मूळचे दापोलीकडचे. इथल्या एका कारखान्यात तेलाच्या टाक्या साफ करायला माणसं आत उतरली, की टाकीच्या तोंडाशी एकजण बसवतात. तो एकजण म्हणजे सत्तारभाई. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्यांच्या बोर्डावर लटकवायचा आणि बाहेर आला की काढून न्यायचा. दर दहा मिनिटांनी सत्तारभाई आत डोकावून ओरडणार, "आवाज द्या!" आतून "आहे!" आलं पाहिजे. शेवटचा बिल्ला निघेपर्यंत त्यांनी उठायचं नाही. चहा आला तरी नाही, मॅनेजर आला तरी नाही.

हे सगळं कारखान्यात ठीक आहे. पण सत्तारभाईंच्या स्वयंपाकघरातही असाच बोर्ड आहे, त्याखाली प्लॅस्टिकचं एक स्टूल आहे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला आहे. जैबुनभाभी भाजी आणायला निघाल्या तरी बिल्ला लावून निघतात.

"सवय झाली हो," त्या मला म्हणाल्या. "निकाहाच्या दिवशी मी लाजून हळूच कबूल म्हटलं, तर हे पलीकडच्या खोलीतून ओरडले, आवाज नाही आला!"

पाहुण्यांसाठी वेगळा हिरवा बिल्ला. त्याचा नियम उलटा: घरात शिरताना लावायचा, निघताना काढायचा. एकदा मी चहा पिऊन तो काढायला विसरलो आणि कामाला जेद्दाला गेलो. न्हाव्याच्या खुर्चीत गालाला फेस लावून बसलो होतो, तेवढ्यात फोन आला.

"पाटणकर साहेब, तुम्ही माझ्या घरात आहात."

"अहो, मी जेद्दात आहे!"

"बोर्डावर तर घरात आहात. मग मी उठू कसा?"

त्यांची सुट्टी होती. दीडशे किलोमीटर परत येऊन मी बिल्ला काढला, तेव्हा ते स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "खलास! आता जेवतो."

तर अशा घरातली सना ही एकुलती एक मुलगी. जेद्दाच्या कॉलेजात डिझाइन शिकते. शेवटच्या सेमिस्टरला कॉलेजने तिला स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटालियन बोलणाऱ्या एका चिमुकल्या गावात पाठवलं. विमानतळावर निघण्याआधी तिने बोर्डावर बिल्ला लावला. तेव्हापासून ती टाकीत आहे.

त्या गावाची लोकसंख्या तिथल्या सरपंचालासुद्धा सत्तारभाईंइतकी नीट माहीत नसेल. बस किती वाजता येते, बेकरी कोणत्या वारी बंद असते, सगळं पाठ. इथे रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं आणि हे जिन्यात मला अडवून सांगतात, "आज गारठा आहे, स्वेटर घ्या."

दिवसातून तीनदा स्टुलावर बसून फोन. मेसेज त्यांना चालत नाही. "मेसेज कोणीही लिहील. आवाज आला पाहिजे."

"अब्बा, आय ॲम इन द लायब्ररी!" सना कुजबुजते.

"आवाज दे."

"आहे!" हे इतक्या जोरात, की म्हणे लायब्ररीतले सगळे दचकतात. तिची घरमालकीण सत्तरीची विधवा. सना आंघोळीला गेली की आता तीच फोन उचलते आणि खणखणीत मराठीत सांगते, "आहे!" सत्तारभाई म्हणतात, बाई भरवशाची आहे.

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. एकदा कारखान्याच्या बसमध्ये मी त्यांना विचारलंच, की पोरीला जरा मोकळं का सोडत नाही?

"नवा होतो तेव्हा मी आत उतरायचो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एकदा आतून हाक मारली. बाहेर बसलेला माणूस जेवायला गेला होता. मला काही झालं नाही, पाटणकर. पंधरा मिनिटंच होती. पण टाकीत अंधाराची भीती नाही वाटत. बाहेर कोणी नाही, याची वाटते."

त्यानंतर मी हसलो नाही. म्हणजे, कमी हसलो.

जूनमध्ये सना परतणार आणि तिघं कायमचे दापोलीला जाणार, असं ठरलं होतं. सत्तारभाईंनी राजीनामा दिला होता. भाभींनी तर खोकी बांधूनही ठेवली होती. कुठल्या खोलीला कुठला पडदा, इथपर्यंत त्यांचं ठरलं होतं. गेल्या शुक्रवारी मी तिथे चहा पीत होतो, हिरवा बिल्ला रीतसर लावून. सनाचा फोन आला. तिथल्या प्रोफेसरांना तिचं काम आवडलं होतं. अजून एक सेमिस्टर थांब, म्हणत होते.

आता अडचण अशी, की तिचं कॉलेज आणि परतीचा व्हिसा बापाच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर. बाप सौदी सोडून गेला, की इकामा खलास, कॉलेज खलास आणि ते गावही खलास. ती थांबायची तर सत्तारभाईंनी राजीनामा मागे घ्यायला हवा.

"नको अब्बा," सना म्हणाली. "अम्मीने पॅकिंग केलंय. मी येते परत. इट्स ओके, रिअली."

तिचा आवाज अगदीच बारीक आला होता. सत्तारभाईंनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा भाभींकडे. आयुष्यात पहिल्यांदाच ते "आवाज दे" म्हणाले नाहीत.

भाभी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत गेल्या, 'दापोली' लिहिलेलं एक बांधलेलं खोकं फरफटत आत आणलं, स्टुलाला खेटून ठेवलं, पदर सावरून त्यावर बसल्या आणि नवऱ्याला कोपराने ढोसत फोनवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या,

"सरका तिकडे! मलापण बसू द्या!"